राजर्षी शाहू महाराज आणि आपल्या गावचे धंदे

शाहू महाराजांचे चरित्र कोल्हापुरात कुणाला सांगावयाचे, असा प्रश्न लिहावयास बसताना प्रथम मनात आला. वसतिगृहे, राखीव जागा, राधानगरी आणि खासबागेतील कुस्ती एवढ्या चार गोष्टी तर शाळेत जाणाऱ्या पोरीलाही तोंडपाठ असतात. म्हणून ह्या स्मरणिकेसाठी त्यांचे चरित्र थोड्या निराळ्या बाजूने सांगावे असे मी ठरविले आहे.

आपण बायका संसार चालवितो. ज्या घरात पैसा एकाच ठिकाणाहून येतो ते घर, आणि ज्या घरात चार ठिकाणांहून थोडाथोडा येतो ते घर, ह्यांतील फरक आपल्याला कुणी शिकवावा लागत नाही. एकाच्या आजारपणाने पहिले घर आडवे होते. दुसरे घर ओढाताण करील, पण चूल पेटती ठेवील. गावाचेही तसेच आहे. गाव किती धंद्यांवर जगते, ते धंदे एकमेकांना हात देतात की नाही, आणि ज्याला जो धंदा करावासा वाटतो तो त्याला करू दिला जातो की नाही, ह्या तीन गोष्टींवर गावाचे सुखदुःख पुष्कळसे अवलंबून असते. महाराजांनी आपल्या अठ्ठावीस वर्षांच्या राज्यकारभारात जी असंख्य कामे केली, त्यांतून मला हाच धागा गेलेला दिसतो.

महाराजांचा जन्म २६ जून १८७४ रोजी कागलकर घाटग्यांच्या घराण्यात झाला. त्यांचे मूळ नाव यशवंतराव. वडील जयसिंगराव ऊर्फ आबासाहेब घाटगे. आई राधाबाई ह्या मुधोळच्या घोरपड्यांच्या कन्या. आई लहानपणीच वारली. दहावे वर्ष चालू असताना, १७ मार्च १८८४ रोजी, करवीरच्या गादीवर ते दत्तक आले आणि यशवंतरावांचे शाहू छत्रपती झाले. पुढे दोन वर्षांतच वडिलांचे छत्रही गेले. राजकोटच्या राजकुमार महाविद्यालयात आणि नंतर धारवाड येथे फ्रेझरसाहेबांच्या देखरेखीखाली त्यांचे शिक्षण झाले. १८९१ साली बडोद्याच्या खानविलकरांच्या कन्या लक्ष्मीबाई ह्यांच्याशी त्यांचा विवाह झाला.

त्यांच्या विद्यार्थिदशेतील एक गोष्ट येथे सांगितली पाहिजे. १८८८ साली कोल्हापूर–मिरज लोहमार्गाच्या कामाचा आरंभ ह्या चौदा वर्षांच्या मुलाच्या हस्ते झाला आणि १८९१ साली गाडी सुरू झाली. तोवर कोल्हापूरचा माल बैलगाडीने घाट उतरत असे आणि बाहेरचा माल बैलगाडीनेच वर येत असे. आगगाडी आली म्हणजे गाव श्रीमंत होते असे मात्र नव्हे. गाडी दोन्ही दिशांनी धावते; ती तुमचा गूळ बाहेर नेते, तसेच बाहेरचे गिरणीचे कापड तुमच्या कोष्ट्याच्या दारात आणून टाकते. गाव काय देऊ शकते ह्यावर गाडीचा फायदा ठरतो. २ एप्रिल १८९४ रोजी महाराजांनी कारभार हाती घेतला तेव्हा हाच प्रश्न त्यांच्यापुढे उभा होता.

त्या वेळचे संस्थान कसे होते? सुमारे ९ लाख वस्तीचा मुलूख, पश्चिमेकडे सह्याद्रीचा धो धो पाऊस आणि पूर्वेकडे कोरडे माळ. बहुतेक प्रजा शेतीवर. गावोगाव बलुतेदारी. आता कुणी म्हणेल की, बारा बलुतेदार म्हणजे बारा धंदे. मग गावात धंद्यांची वाण कुठे होती? सुतार होता, लोहार होता, कुंभार, चांभार, परीट, न्हावी सारेच होते. खरे आहे. परंतु ह्या बाराजणांचे पोट एकाच खळ्यावर भरत होते. लोहाराने वर्षभर फाळ शेवटावयाचे, चांभाराने मोट शिवावयाची, आणि सुगीच्या दिवसांत शेतकऱ्याच्या खळ्यावर जाऊन आपल्या वाट्याचे धान्य न्यावयाचे. पाऊस झाला तर बाराही घरी दाणे; पाऊस गेला तर शेतकऱ्याबरोबर बाराही घरे उपाशी. शिवाय लोहाराच्या पोराने लोहारच व्हावयाचे, मग त्याचा हात चित्र काढण्यात कितीही चालो. म्हणजे दिसावयास धंदे बारा, पण त्यांना आधार एकच, आणि त्यांतून बाहेर पडावयास दार नाही.

ह्याची प्रचीती लवकरच आली. १८९६–९७ साली दुष्काळ पडला, पाठोपाठ प्लेगाची साथ आली, आणि शतक संपता संपता पुन्हा दुष्काळ. महाराज नुकते गादीवर बसलेले, वय अवघे बावीस-तेवीस. त्यांनी स्वस्त धान्याची दुकाने उघडली, तगाई दिली, रस्त्यांची व विहिरींची कामे काढली, जनावरांसाठी छावण्या केल्या. खडी फोडावयास येणाऱ्या बायांच्या तान्ह्या मुलांना सांभाळण्याची सोयही त्यांनी कामाच्या जागी करविली. आज पाळणाघर हा शब्द आपल्याला नवा वाटत नाही. सव्वाशे वर्षांपूर्वी एका तरुण राजाला ते सुचले, ह्याचे मला फार कौतुक वाटते. परंतु दुष्काळी काम हे औषध झाले, जेवण नव्हे. ज्या मुलखात शेतीखेरीज दुसरा आधार नाही, तेथे प्रत्येक वाईट पावसाळ्यानंतर राजाला पुन्हा भांडार उघडावेच लागणार. असा आधार उभा करण्याच्या कामाला महाराज दुष्काळाच्या आधीच लागले होते. दुष्काळाने त्याची निकड दाखविली.

१८९५ साली त्यांनी रेल्वे स्टेशनाजवळ शाहूपुरी ही व्यापारपेठ वसविली आणि व्यापाऱ्यांना तेथे येण्यास उत्तेजन दिले. ही पेठ गुळाची म्हणून नावारूपास आली. गुऱ्हाळ आपण सगळ्यांनी पाहिले आहे. तेथे किती हातांचे काम असते ते मोजून पाहा. ऊस तोडणारे, वाहणारे, चरकाशी बसणारा, चुलवाणात जाळ घालणारा, रसात भेंडीचे पाणी घालून मळी काढणारी बाई, आणि काहिलीवर नजर ठेवून नेमक्या क्षणी पाक उतरविणारा गुळव्या. त्या गुळव्याची कसबाची किंमत सावकारालाही मान्य असते, कारण दोन मिनिटे इकडची तिकडे झाली तर सारा आधण वाया जातो. हे झाले शेतावर. पेठेत आल्यावर अडत्या, तोलणारा, हमाल, गाडीवान, गोणपाट विकणारा, हिशेब लिहिणारा. चरक मोडला तर लोहार व ओतारी, गाडीचे चाक मोडले तर सुतार. आणि ह्या लोकांना दुपारी भाकरी हवी, चहा हवा, राहावयास खोली हवी. उसाचे एक पीक, पण पेठ जवळ असल्यामुळे त्याच्याभोवती एवढे धंदे उभे राहिले. त्यांतील लोहार आता एकाच शेतकऱ्याच्या खळ्यावर अवलंबून नव्हता. त्याला पेठेत रोख पैसे देणारे दहा गिऱ्हाईक मिळू लागले. पुढे गुळाचे सौदे शाहू मार्केट यार्डात गेले, तरी शाहूपुरीचा पाया गुळानेच घातला.

१९०२ साली बादशहा सातव्या एडवर्डच्या राज्यारोहणासाठी महाराज विलायतेस गेले. केंब्रिज विद्यापीठाने त्यांना सन्माननीय पदवी दिली. परंतु त्या प्रवासात त्यांचे लक्ष समारंभापेक्षा तेथील कालव्यांकडे, धरणांकडे व कारखान्यांकडे अधिक होते असे दिसते. त्याच वर्षी, ते परदेशी असतानाच, २६ जुलै १९०२ रोजी त्यांचा तो प्रसिद्ध जाहीरनामा निघाला: रिकाम्या होणाऱ्या सरकारी जागांपैकी निम्म्या जागा मागासलेल्या वर्गांना द्याव्यात. ह्या हुकमावर आजवर पुष्कळ लिहिले गेले आहे. मी त्यातील एकच बाजू सांगते. महाराज गादीवर आले तेव्हा दरबारच्या ७१ वरिष्ठ जागांपैकी ६० जागा एकाच ज्ञातीकडे होत्या. ह्यात त्या लोकांचा विद्याव्यासंग होता हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु एका समाजाने लेखणीच धरावयाची आणि इतरांनी नांगर, हातोडा किंवा झाडूच धरावयाचा, अशी वाटणी झाली म्हणजे गावातील निम्मी बुद्धी गंजून जाते. लेखणी धरणाऱ्याचेही त्यात नुकसानच असते, कारण तोही दुसरा धंदा शिकत नाही.

नुसता हुकूम काढून भागणार नव्हते. जागेवर बसावयास शिकलेला मुलगा हवा होता. तो खेड्यातून येणार, मग राहणार कोठे? म्हणून वसतिगृहे. १९०१ साली मराठा विद्यार्थ्यांसाठी व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग व जैन बोर्डिंग निघाले. नंतर मुस्लिम, लिंगायत, अस्पृश्य मानलेल्या समाजासाठी मिस क्लार्क वसतिगृह, शिंपी समाजाचे नामदेव बोर्डिंग, दैवज्ञांचे, पांचाळांचे अशी एकामागून एक वसतिगृहे उभी राहिली. सगळ्या जातींची मुले एकत्र का ठेवली नाहीत, असे आज कुणी विचारील. त्या काळी एका पंक्तीला कुणी जेवावयास बसत नव्हते. बसेपर्यंत थांबावयाचे म्हटले असते तर आणखी एक पिढी गुरे राखण्यात गेली असती.

१९०६ साली महाराजांनी श्री शाहू छत्रपती स्पिनिंग अँड वीव्हिंग मिल काढली. कोटीतीर्थाजवळची ती दगडी इमारत आपल्या परिचयाची आहे. आगगाडीने बाहेरचे सूत व कापड आणून टाकले होते. आता गावातच सूत निघू लागले. शेतातून आलेल्या माणसाला महिन्याच्या महिन्याला रोख पगार मिळू लागला, आणि पावसाने दगा दिला तरी गिरणीचा भोंगा वाजतच होता. शिवाय यंत्र आले म्हणजे यंत्र दुरुस्त करणारा येतो. कोल्हापूरच्या लोहार-सुतारांच्या पोरांना यंत्राची ओळख झाली ती अशा ठिकाणी.

त्याच सुमारास महाराजांनी भोगावती नदीवर धरणाचे काम हाती घेतले आणि तेथील गावाला आपल्या कन्येच्या नावावरून राधानगरी हे नाव दिले. संस्थान लहान, खर्च प्रचंड. पैशाअभावी काम अर्ध्यावर थांबले आणि महाराजांच्या हयातीत ते पुरे झाले नाही. पुढे कित्येक वर्षांनी धरण पूर्ण झाले. परंतु जागा त्यांनी निवडली होती आणि पाया त्यांनी घातला होता. आज भोगावतीकाठी जो ऊस डोलतो त्याचे पाणी त्या पायावर अडले आहे. १९१२ साली त्यांनी किंग एडवर्ड शेतकी संस्था काढून सुधारलेली अवजारे लोकांना दाखविली. पन्हाळ्यावर चहाची लागवड करून पाहिली. ह्यांतील सारेच प्रयोग फळले नाहीत. चहाचे मळे काही पन्हाळ्यावर राहिले नाहीत. पण दहा बिया पेरल्या तर सहा उगवतात हे शेतकऱ्याच्या बायकोला सांगावयास नको. जो एकच बी पेरून बसतो त्याचे नशीब एकाच बियात अडकते.

कुस्ती आणि नाटक ही राजांची हौस समजली जाते. १९१२ साली खासबागेचे मैदान झाले, १९१५ साली त्याला लागून पॅलेस थिएटर उभे राहिले, तेच आजचे केशवराव भोसले नाट्यगृह. उस्ताद अल्लादियाखाँ दरबारचे गवई होते, आबालाल रहिमान दरबारचे चित्रकार होते. मी ही केवळ हौस मानीत नाही. तालमीतला एक पैलवान म्हणजे दूध घालणारा गवळी, बदाम-खारीक विकणारा वाणी, लंगोट शिवणारा शिंपी. एक नाटक कंपनी म्हणजे पडदे रंगविणारा, सुतार, दागिने घडविणारा, गॅसबत्तीवाला, शिवाय बाहेरगावाहून येणाऱ्या प्रेक्षकांना जेवू घालणारी खानावळ.

आणि ह्या सगळ्यांच्या सरमिसळीतून काय निघाले ते पाहा. सुतारकाम व धातुकाम करणाऱ्या घरात जन्मलेले बाबूराव मेस्त्री नाटकांचे पडदे रंगविता रंगविता बाबूराव पेंटर झाले. त्यांनी चित्रपटाचा कॅमेरा कोल्हापुरातच आपल्या हातांनी तयार करविला आणि १९१८ च्या सुमारास महाराष्ट्र फिल्म कंपनी सुरू केली. तिला भांडवल दिले ते अल्लादियाखाँसाहेबांच्या शिष्या, गायिका तानीबाई कागलकर ह्यांनी. भगिनींनो, ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. ज्या काळी बाईच्या हाती स्वतःचा पैसा असणे हेच नवल, त्या काळी एका गायिकेने आपल्या कमाईतून एक नवा धंदा उभा राहू दिला. १९२० साली कंपनीचा सैरंध्री हा चित्रपट आला आणि त्यात स्त्रियांच्या भूमिका स्त्रियांनीच केल्या. पुढे ह्याच कंपनीतील दामले, फत्तेलाल, शांताराम आदी मंडळींनी १९२९ साली कोल्हापुरात प्रभात फिल्म कंपनी काढली. १९३३ साली ती पुण्यास गेली. चित्रपटाचा धंदा कोल्हापुरात काढावा असा हुकूम कुणी काढला नव्हता. रंगारी, सुतार, ओतारी, गवई, पैलवान आणि पैसा देणारी बाई हे सारे एका गावात एकमेकांच्या हाकेच्या अंतरावर होते, आणि त्यांना महाराजांचा आश्रय होता, म्हणून तो आपोआप जमून आला. जेथे केवळ एकच धंदा असतो तेथे असे नवे काही जन्मास येत नाही.

आता महाराजांच्या शेवटच्या पाच वर्षांकडे वळते. त्यांतील कामे मला सर्वांत महत्त्वाची वाटतात. १९१७ साली त्यांनी प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले. त्याच वर्षी आपल्या वडिलांच्या स्मरणार्थ मिरजेच्या वाटेवर जयसिंगपूर ही नवी पेठ वसविली. १९१८ साली त्यांनी कुलकर्णी वतने रद्द करून पगारी तलाठी नेमले, महार वतने रद्द केली, आणि बलुतेदारी मोडली. ज्याला जो धंदा येईल त्याने तो करावा, गावाने त्याला अडवू नये. ज्या समाजांना गुन्हेगार ठरवून रोज चावडीवर हजेरी द्यावी लागे, त्यांची हजेरी बंद केली. फासेपारध्यांना सोनतळी येथे घरे देऊन पहाऱ्याच्या व बांधकामाच्या कामावर लावले. अस्पृश्य मानलेल्या तरुणांना तलाठ्याच्या जागा दिल्या, वकिलीच्या सनदा दिल्या, माहुताची कामे दिली.

येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. बलुतेदारी मोडली म्हणून प्रत्येक बलुतेदार आनंदला असे नव्हे. खळ्यावरचे धान्य थोडे असले तरी हक्काचे होते. बाजारात हक्काचे काहीच नसते. गिऱ्हाईक आले तर आले. ज्याच्या पायातली बेडी काढली त्याला चालावयास रस्ताही द्यावा लागतो, नाहीतर तो मोकळा असून जागच्या जागी उभा राहतो. महाराजांचे मोठेपण मला ह्यात दिसते की, त्यांनी बेडी काढण्याच्या आधी वीस-पंचवीस वर्षे रस्ता बांधला होता: पेठ, गिरणी, शाळा आणि वसतिगृहे.

रस्ता असला तरी गिऱ्हाईक लागतेच. गंगाराम कांबळे ह्यांची हकीकत ह्या संदर्भात सांगते. ते महाराजांच्या पागेत नोकरीस होते. पाण्याच्या हौदाला शिवल्याच्या कारणावरून त्यांना बेदम मारहाण झाली. महाराजांनी मारणाऱ्यांना शिक्षा केली आणि गंगारामांना नोकरीतून मोकळे करून स्वतंत्र धंदा काढावयास सांगितले. गंगारामांनी भाऊसिंगजी रोडवर सत्यसुधारक नावाचे चहाचे दुकान घातले. दुकान स्वच्छ, चहा उत्तम, पण गिऱ्हाईक फिरकेना. तेव्हा महाराज आपला खडखडा त्या दुकानासमोर उभा करू लागले. स्वतः चहा मागवीत, पीत, आणि बरोबरच्या सरदार-मानकऱ्यांनाही पाजीत. छत्रपतींनी दिलेला पेला नाकारणार कोण? हळूहळू लोक येऊ लागले. सोडावॉटरचे यंत्र घेण्यासही महाराजांनी साहाय्य केले. धंदा करण्याची परवानगी कायद्याने देता येते; गिऱ्हाईक मात्र कुणीतरी पाऊल उचलून व्हावे लागते. हे पाऊल आपण प्रत्येकजण, पिशवी घेऊन बाजारास निघालो म्हणजे, रोज उचलीत असतो किंवा उचलीत नसतो.

स्त्रियांच्या बाबतीत महाराजांनी काय केले हे ह्या स्मरणिकेत राहून कसे चालेल? रखमाबाई केळवकर ह्या संस्थानच्या मुलींच्या शिक्षणखात्याच्या प्रमुख होत्या. त्यांच्या कन्या कृष्णाबाई केळवकर डॉक्टर झाल्या. त्यांच्या शिक्षणास महाराजांचे पाठबळ होते, आणि कोल्हापुरातील बायकांना बाळंतपणासाठी आपल्याच गावची डॉक्टरीण मिळाली. १९१८ साली महाराजांचे धाकटे चिरंजीव शिवाजी शिकारीत अपघाताने गेले. सून इंदुमतीदेवी तेव्हा कोवळ्या वयाच्या होत्या. पुत्रशोकाने खचलेल्या राजाने ह्या विधवा सुनेला वाड्याच्या कोपऱ्यात न बसविता सोनतळीस ठेवून तिच्या शिक्षणाची व्यवस्था केली, आणि त्यासाठी घरातील विरोध पत्करला. विधवाविवाह, आंतरजातीय विवाह, घटस्फोट आणि स्त्रियांच्या छळास आळा ह्यांसंबंधीचे कायदेही ह्याच काळातले. निम्मी वस्ती उंबऱ्याच्या आत असेल तर गावात कितीही धंदे मोजा, ते अर्धेच भरतात.

६ मे १९२२ रोजी मुंबईत महाराजांचे निधन झाले. वय अवघे सत्तेचाळीस.

त्यानंतर शंभर वर्षांत पुष्कळ उलथापालथ झाली. जी गिरणी महाराजांनी काढली तीच २००३ साली बंद पडली. त्या कामगारांच्या घरी काय गेले ते आपल्यापैकी कित्येकींना ठाऊक आहे. पिढीजात नोकरी गेली म्हणजे माणसाचा आवाज खाली येतो. ते दुःख हलके करून सांगण्याचा माझा हेतू नाही. परंतु कोल्हापूर त्या दिवशी ओसाड पडले नाही. ज्यांची मुले उद्यमनगरात लेथवर होती, ज्यांच्या घरी म्हैस होती, ज्यांची सून शिवणकाम करीत होती किंवा ज्यांचा भाऊ यार्डात तोलणार होता, ती घरे तगली. उद्यमनगरातले ऑईल इंजिन आणि ओतकाम हे त्याच जुन्या लोहार-सुतारांच्या नातवांचे. १९६३ साली जिल्ह्याचा सहकारी दूध संघ निघाला आणि दोन म्हशींच्या मालकिणीलाही ठरल्या दिवशी दुधाचे पैसे मिळू लागले. चपलांच्या कारागिरांना २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळाले. शेजारच्या इचलकरंजीकडे पाहा. यंत्रमागाने तिला वैभव दिले, तिच्या कष्टाळूपणाला तोड नाही. पण सुताचा भाव चढला आणि कापडाचा उतरला की चहाच्या टपरीपासून घरभाड्यापर्यंत सारे गाव एकदम कण्हू लागते. दोष त्या माणसांचा नाही. सारे वजन एकाच खांबावर आहे.

२०२० च्या टाळेबंदीत हा धडा आपल्या गल्लीनेही गिरविला. ज्या घरची सारी मिळकत लग्नकार्यांच्या जेवणावळींवर होती, त्या घरातील मोठ्या कढया आठ महिने पालथ्या होत्या. पलीकडच्या घरी मुलाचे गॅरेज बंद होते, पण आईचे दुधाचे रतीब चालू होते आणि मुलगी मास्क शिवून देत होती. पहिल्या घराला उधारीवर धान्य दिले ते दुसऱ्या घराने. म्हणजे धंदे निरनिराळे असले की, एकमेकांना हात देण्याइतके कुणीतरी नेहमी उभे असते. सगळेच एका धंद्यातले असते तर उधार देणाराही उपाशी आणि मागणाराही उपाशी.

म्हणून महाराजांच्या तसबिरीला हार घालताना दोन गोष्टी मनाशी धराव्यात असे मला वाटते. एक म्हणजे, आपल्या मुलांना, विशेषतः मुलींना, घरचा धंदा किंवा सरकारी नोकरी ह्या दोनच वाटा दाखवू नयेत. लेथ चालविणारी, वीजकाम करणारी, गूळ परदेशी पाठविणारी, हिशेब तपासणारी अशा नाना तऱ्हांच्या लेकी एका गल्लीत असाव्यात. शेजारणीची मुलगी गॅरेज काढते म्हटल्यावर नाक मुरडणे ही बलुतेदारीच होय. फक्त ती चावडीवर नसून ओट्यावर बसलेली असते. आणि दुसरी गोष्ट म्हणजे, गल्लीत कुणी नवे दुकान घातले, नवी खानावळ काढली, तर त्याचे आडनाव विचारीत न बसता पहिले गिऱ्हाईक आपण व्हावे. त्याला खर्च एका कप चहाचा येतो, आणि तेवढ्या चहावर भाऊसिंगजी रोडवर एकदा एक दुकान उभे राहिलेले आहे.